कुंडीतला बांध

जिनेंद्र मगदूम त्या सोमवारी गप्प बसले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. आणि बोलले तेही असं काय मोठं? "आमच्या घरी मनी प्लांट आहे," एवढंच.

जमीन मोजणीच्या एका तालुका कार्यालयातली ही हकीकत. तालुका कुठला ते सांगत नाही, कारण यातली सगळी माणसं अजून नोकरीत आहेत आणि सगळ्यांना पेन्शन हवी आहे. कडेगावकडून निघालं की उसाच्या फडांमधून जो रस्ता जातो त्या रस्त्यावर कुठेतरी, असं समजा. मगदूम तिथे शिरस्तेदार. रोज सांगलीहून एसटीनं यायचे आणि दहाला पाच कमी असताना खुर्चीत असायचे. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या नावावर एकही मेमो नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. फक्त विषय तिथपर्यंत आणून ठेवत.

तर त्या सोमवारी नव्या उपअधीक्षक क्रांती निकम मॅडमनी बैठक घेतली. मॅडम वयानं मगदूमांच्या थोरल्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, "कार्यालय सुंदर करायची मोहीम आलीय. दोन महिन्यांत पुण्याहून तपासणी. आणि आपलं ऑफिस तर गोदामासारखं दिसतं. आत ठेवायची झाडं आणू या. झाडांतलं कोणाला कळतं?"

सरकारी बैठकीत असा प्रश्न आला की तेरा माणसं एकदम आपापल्या पेनाच्या टोपणाकडे बघू लागतात. शांतता लांबत गेली. मगदूमांना अशी शांतता सोसत नाही. घरी पाहुणे गप्प बसले तरी ते कालनिर्णयवरची तिथी मोठ्यानं वाचून दाखवतात. काहीतरी बोलावं म्हणून ते मनी प्लांटबद्दल बोलले.

बारा माणसांनी श्वास सोडला.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "मग मगदूम सर, हे तुमच्याकडे."

संध्याकाळी घरी त्यांनी ही बातमी बायकोला जरा हात राखूनच सांगितली. गुणमालाताई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "आपला मनी प्लांट कुठं आहे, सांगा बघू."

"स्वयंपाकघराच्या खिडकीत."

"तो दिवाळीत वाळला. आताचा हॉलमध्ये आहे. रोज त्याच्याच शेजारी बसून पेपर वाचता."

मगदूमांनी वळून बघितलं. होता.

शेजारच्या जवाहरअण्णांना भिंतीपलीकडून हे ऐकू गेलं असावं, कारण दहाव्या मिनिटाला ते आले. अण्णांनी चाळीस वर्षं हळदीचा व्यापार केलेला, त्यामुळे जमिनीतून जे जे उगवतं त्यावर आपला अधिकार आहे असं ते धरून चालतात. त्यांनी चहाचा चोथा सांगितला, तांदळाचं धुवण सांगितलं, झाडाशी रोज दोन शब्द प्रेमानं बोलावं असं सांगितलं. उत्साहाच्या भरात ते म्हणाले, "आणि मोबाइलवर ती बाई सांगते, अंड्याची टरफलं चुरून..."

जैनांच्या घरात अंड्याचं नाव! गुणमालाताईंनी नुसतं वर बघितलं. अण्णा म्हणाले, "ती सांगते. मी नाही सांगत," आणि चहा न घेताच गेले.

रविवारी मगदूम मिरज रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेले. "सरकारी कार्यालयात चालतील अशी झाडं द्या," म्हणाले.

"म्हणजे कशी?"

मगदूमांनी विचार केला. "उजेड कमी असला तरी कुरकुर न करणारी. कोणी लक्ष दिलं नाही तरी आहे त्या जागेवर टिकणारी. आणि फार वाढणारी नकोत."

नर्सरीवाल्यानं त्यांना नीट ओळखलं. पाच स्नेक प्लांट काढले, दोन झेडझेड काढले, दोन मनी प्लांट. मगदूमांची नजर मात्र अरेका पामवर होती. उंच, डौलदार, बसल्या जागी वारा घालणारे. मॅडमच्या केबिनच्या दाराशी दोन आणि आपल्या टेबलामागे एक, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं आणि तीन पाम घेतले. "पाम जरा नाजूक असतो, पाणी बेतानं," असं नर्सरीवाला म्हणाला होता. पण त्या वेळी मगदूम पावतीवर कार्यालयाचं नाव बरोबर लिहिलंय का ते तपासत होते.

सोमवारी बारा कुंड्या दारात उतरल्या आणि पहिली अडचण आली. साहित्याची नोंद ठेवणारी अंकिता म्हणाली, "सर, यांची नोंद कशात करू?"

"जडसंग्रह नोंदवहीत."

"त्यात खुर्च्या-कपाटं असतात. जड म्हणजे निर्जीव ना सर? ही तर जिवंत आहेत."

"जिवंत वस्तूंची वेगळी नोंदवही आहे का?"

"नाही."

"मग घे त्यातच."

अशा रीतीनं बारा जिवंत झाडं एका मोडक्या स्टुलाच्या खाली आणि कागद भोसकायच्या यंत्राच्या वर नोंदली गेली. 'सद्यःस्थिती' या रकान्यात 'सुस्थितीत' किंवा 'नादुरुस्त' एवढंच लिहायची सोय होती. अंकितानं बारा वेळा 'सुस्थितीत' लिहिलं. मगदूमांनी स्वतः पांढऱ्या रंगानं कुंड्यांवर एक ते बारा आकडे घातले, आणि मग लांब उभं राहून बघितलं. खोटं कशाला सांगा, कार्यालय बरं दिसत होतं. भिंतीवरचा ओलीचा डाग चक्क अकरा नंबरच्या मागे गेला होता.

आता या कार्यालयात येणारी माणसं कोण? शेतकरी. मोजणीच्या अर्जासाठी येणार, बाकावर तास-दोन तास बसणार. त्यांच्या पुढ्यात तुम्ही झाड ठेवलंत, तर ते काय मुकाट बसणार आहेत?

पहिला प्रश्न लालासाहेबांनी विचारला. लालासाहेब फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मिशी अजून नोकरीत असल्यासारखी. चुलतभाऊ आप्पासो याच्याशी त्यांचा एका बांधावरून नऊ वर्षं वाद चालू होता. दोघांच्या उसाच्या रानांमधला हात-दीड हात रुंदीचा बांध. तो कोणाच्या हद्दीत, एवढाच प्रश्न. प्रत्येक तारखेला दोघं एकाच वेळी दोन गाड्यांवरून येत आणि समोरासमोरच्या दोन बाकांवर एकमेकांकडे न बघता बसत.

"साहेब, ह्याला काय लागतं?" लालासाहेबांनी स्नेक प्लांटकडे बोट केलं.

"काही लागत नाही," मगदूम म्हणाले.

"फूल?"

"नाही."

"मग जनावर खातं का?"

"नाही हो. हे शोभेचं आहे."

लालासाहेबांनी एक पान चिमटीत धरून बघितलं. समोरच्या बाकावरून आप्पासो, कोणाकडेही न बघता, भिंतीला म्हणाला, "काय लागत न्हाई, कोण खात न्हाई, आन सावलीत बसून पगारी पाणी प्यायचं. हाफिसातलंच झाड हाय हे."

या एका वाक्याला लालासाहेबही हसले. नऊ वर्षांत चुलतभावाच्या बोलण्यावर ते हसल्याची ही पहिली नोंद. मगदूमांना मात्र ते लागलं. शोभेच्या झाडावरचं बोलणं आपल्यावरच आहे असं त्यांना का वाटावं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग सुरू झालं पाणी. मगदूम सकाळी आल्या आल्या पाणी घालत आणि जाताना पुन्हा. मधल्या वेळेत अंकिता घाली. मोजणीवरून उन्हातून आलेले भूकरमापक स्वतः पाणी पिण्याआधी झाडाला घालत. बाकावरचे शेतकरी उठताना बाटलीतलं उरलेलं कुंडीत रिचवत. हा सगळा उसाचा मुलूख; इथे माया करायची म्हणजे पाट सोडायचा. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. बारा झाडांवर आख्खा तालुका जीव लावत होता.

पाणी न घालणारी एकच व्यक्ती होती, चंद्राबाई. या कार्यालयातल्या शिपाई. मूळच्या माण तालुक्याकडच्या, दुष्काळी भागातल्या. बदली होऊन चार वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. आठवड्याभरानं त्या मगदूमांच्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "सायेब, ह्यास्नी पाणी लय होतंय."

"चंद्राबाई, पाणी कधी जास्त होत नसतं. ऊस बघा तुम्ही."

"ही ऊस न्हाईत सायेब."

बाकावर चार माणसं ऐकत होती. शिरस्तेदाराला शिपायानं चार माणसांत दुरुस्त करावं हे बरं दिसत नाही. मगदूम म्हणाले, "तुमच्या माणात झाडं आहेत तरी किती?"

शब्द तोंडातून गेला आणि मगदूमांना तो परत घ्यावासा वाटला. चंद्राबाईंनी टेबलावरचे दोन कप उचलले आणि गेल्या. त्या दिवशीचा दुपारचा चहा वेळेवरच आला, साखरही बरोबर होती, पण मगदूमांना तो गोड लागला नाही.

पंधरा दिवसांत पाम पिवळे पडले. मगदूमांनी निदान केलं, पाणी कमी पडतंय, आणि एक खेप वाढवली. मग मनी प्लांटच्या पानांना डाग आले. मग कुंड्यांतून चिलटं उठू लागली, बारीक काळी, फायलींवर बसणारी, मॅडमच्या चहात पडणारी. अंकितानं फवारा आणला. मगदूमांनी संध्याकाळी जेवताना घरी फवाऱ्याचं सहज विचारलं आणि गुणमालाताई म्हणाल्या, "जीव मारून ऑफिस सुंदर करायचं? एकतीस वर्षं जे कमावलंत त्यावर पाणी फिरवू नका." पाण्याचा विषय नको तिथे निघाला होता, पण बोलणं पटलं. दुसऱ्या दिवसापासून शिरस्तेदार जिनेंद्र मगदूम एका जुन्या फायलीनं वारा घालत चिलटांना खिडकीकडे वाट दाखवताना दिसू लागले. चिलटं खिडकीपर्यंत जात आणि विचार बदलून परत येत.

अंकितानं नोंदवहीत तीन पामांपुढे 'नादुरुस्त' लिहिलं.

"सर," मॅडम केबिनमधून बाहेर येऊन म्हणाल्या, "तपासणीला पंधरा दिवस राहिले. आणि झाडांना कावीळ झालीय."

हे बोलणं लालासाहेबांच्या कानावर पडलं. तारीख नव्हती तरी ते कशासाठी तरी आले होते. त्यांनी कुंडीत बोट घातलं, चोळून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. "साहेब, ही माती न्हाई. भुस्सा हाय नुसता. शहरातलं लोक कशाला बी माती म्हणत्यात. मी आणतो उद्या. काळीभोर, लोण्यावाणी."

"अहो, कशाला..."

"ऑर्डर समजा साहेब."

दुसऱ्या दिवशी गच्च भरलेलं पोतं दारात उतरलं. लालासाहेबांनी बाह्या मागे सारून स्वतः बाराही कुंड्या भरल्या, आणि एकेक झाड असं उभं केलं की जणू परेडला निघालंय.

इथे मगदूमांच्या सचोटीनं घात केला. अर्जदाराकडून काहीही फुकट घ्यायचं नाही, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नियम. पण माती ही वस्तू आहे का? भेट आहे का? त्यांनी बराच विचार केला आणि ठरवलं, की गुपचूप घेतली तर ती भेट, उघड पोच देऊन घेतली तर ते सहकार्य. त्यांनी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'श्री. लालासाहेब यांच्या मालकीच्या शेतातील काळी माती, एक पोते, कार्यालयातील झाडांकरिता मिळाली.' खाली सही. सहीखाली शिक्का.

लालासाहेबांनी कागद दोनदा वाचला. 'यांच्या मालकीच्या' या शब्दांवर त्यांची नजर जरा रेंगाळली. मग त्यांनी कागदाची घडी न घालता तो तसाच सरळ पिशवीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी तो कागद लॅमिनेट होऊन गावच्या दूध डेअरीत आला. सकाळी दूध घालायला आलेल्या प्रत्येकाला लालासाहेब तो दाखवत होते. "बघा. माती बांधावरची हाय आन सरकार म्हणतंय लालासाहेबाच्या मालकीची. शिक्का हाय. आता बोला."

आणि चौथ्या दिवशी आप्पासो चार पानी अर्ज घेऊन कार्यालयात हजर झाला. अर्ज गावातल्या कुणा जाणत्यानं लिहिलेला होता, त्यामुळे वाक्यं लांब होती. मथितार्थ असा: वादातल्या बांधाची माती समोरच्या पार्टीनं खणून नेली, कार्यालयानं ती ताब्यात घेतली, आणि शिरस्तेदारांनी वादाचा निकाल लागायच्या आत कुंडीवाटे निकाल देऊन टाकला.

मॅडमनी अर्ज वाचला, पोचपावतीची झेरॉक्स वाचली, आणि कितीतरी वेळ मगदूमांकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"सर, तुम्ही पोच का दिलीत?"

"प्रामाणिकपणे वागावं म्हणून."

"मला कळतंय. पण मला खुलासा मागवावा लागेल." आणि त्यांनी मागवला. सात दिवसांत लेखी. त्याशिवाय, पुढच्या तारखेपर्यंत कुंड्यांची स्थिती 'जैसे थे' ठेवावी, कोणीही हात लावू नये, माती काढू किंवा घालू नये, पाणीदेखील ओतू नये, असा आदेश काढला. माती हा आता पुरावा होता. प्रत्येक कुंडीच्या तोंडावर कागदाची आडवी पट्टी चिकटवली, तिच्यावर मॅडमची सही, मगदूमांची सही आणि तारीख. पुढची तारीख अठरा दिवसांनी होती.

त्या संध्याकाळी मगदूम एसटीत नेहमीच्या जागेवर बसले नाहीत. मागे जाऊन उभे राहिले. घरी पोळी अर्धीच खाल्ली.

"माती घेतलीत हो," गुणमालाताई म्हणाल्या, "सोनं नाही घेतलंत."

"सोनं घेतलं असतं तर पोच दिली नसती."

"मग हेच लिहा की खुलाशात. खाणारा माणूस पोच देत नाही म्हणावं." आणि त्यांनी न विचारता त्यांच्या ताटात दुसरी पोळी वाढली.

मगदूमांनी खुलासा अकरा वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात सहा पानं होती आणि बालपणापासून सुरुवात होती. शेवटच्यात एक पान राहिलं.

इकडे कार्यालयात कुंड्यांकडे बघायचीही लोकांना धास्ती वाटू लागली. पाण्याच्या बाटल्या बाकाखाली गेल्या. एखाद्या नवख्यानं कुंडीकडे हात नेला तर चारजण ओरडत, "आवं, ती केस हाय!" मगदूम तर तिकडे मान वळवत नसत. आता आठ दिवसांत सगळी वाळणार, आणि नोंदवहीत बारा 'नादुरुस्त' येणार, हे त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं.

मधेच तपासणी येऊन गेली. पुण्याहून आलेले साहेब अकरा मिनिटं थांबले, त्यातली सात स्वच्छतागृहात. जाताना त्यांना कुंड्यांवरच्या पट्ट्या दिसल्या. जवळ जाऊन सह्या वाचल्या. "प्रत्येक झाडाची जबाबदारी सहीनिशी निश्चित केलीय? वा. बाकीच्या तालुक्यांना कळवायला पाहिजे." मगदूम टेबलाच्या खणात काहीतरी शोधत राहिले.

बाराव्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा चंद्राबाई ओलं फडकं घेऊन स्नेक प्लांटची पानं पुसत होत्या. मगदूम दचकले. "चंद्राबाई, अहो जैसे थे!"

"मातीला हात लावायचा न्हाई असं लिवलंय. पानाचं कुटं काय लिवलंय? धूळ बसलीय, वाचून बघा तुमी."

मगदूमांनी आदेश खरंच काढून वाचला. पानांचा उल्लेख नव्हता. कागद घडी करताना त्यांची नजर सात नंबरकडे गेली. मधोमध, पट्टीच्या कडेनं, बोटाएवढा कोवळा कोंब वर आला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. नऊ नंबरलाही नवं पान. बिनडागाचं, तुकतुकीत. आणि त्यांच्या लक्षात आलं, की चिलटं आठवड्यापासून दिसलीच नव्हती.

"हे... पाण्याशिवाय?"

"पाणी हाय की आत. लालासायबांची माती काळी, धरून ठिवती. नवी माती घातल्यावर बी चार दिस तुमी सगळ्यांनी मिळून दोन महिन्यांचं पाजून ठिवलंय त्यास्नी." चंद्राबाईंनी फडकं झटकलं. "आता जरा दम खात्यात बिचारी."

बाकं अजून रिकामी होती. मगदूम म्हणाले, "चंद्राबाई, त्या दिवशी मी माणाबद्दल जे बोललो ते बोलायला नको होतं."

चंद्राबाई पानं पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्या दारात शेवगा हाय सायेब. टँकर आठ दिसांनी यायचा. सासूबाई रोज त्याच्याजवळ जाऊन हुब्या ऱ्हायच्या, पान बघायच्या, मग ठरवायच्या आज भांड्याचं पाणी त्याला का शेळीला. पाणी कमी असलं का माणूस झाडाकडं बघतंय. लय असलं का नुसतं वततंय." मग त्या पुढच्या कुंडीकडे वळल्या. "बोलला त्याचं काय न्हाई. पण लागलं हुतं, खरं."

"हो," मगदूम म्हणाले.

तारखेला दोघे भाऊ आले. मॅडमनी दोघांना केबिनबाहेर, कुंड्यांसमोरच उभं केलं. मगदूमांना खुलासा वाचायला सांगितला. शेवटी कागद खाली ठेवून ते म्हणाले, "मॅडम, परवानगी असेल तर लालासाहेबांना एक विचारतो. लालासाहेब, ही माती बांधावरची आहे का?"

"हाय की!"

"म्हणजे वादातला बांध तुम्ही तारीख चालू असताना खणलात."

लालासाहेबांची मिशी थबकली. "न्हाई न्हाई. खणला कुटं?"

"म्हणजे माती बांधावरची नाही."

"आसं बी न्हाई..." लालासाहेब थांबले. एकीकडे खणल्याचा गुन्हा, दुसरीकडे लॅमिनेट केलेला कागद वाया. फौजेत त्यांनी बऱ्याच अवघड जागा बघितल्या असतील, पण कुंडीच्या आणि शिरस्तेदाराच्या मधे ते पहिल्यांदाच सापडले होते.

आप्पासो हे सगळं ऐकत खाली वाकला होता. मॅडमनी पट्टी काढायला सांगितली तशी त्यानं चार नंबरच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली. बोटात चोळली, नाकाशी नेली, आणि जीभसुद्धा लावली असावी. मग सरळ होऊन म्हणाला, "ही बांधाची न्हाई."

"कशावरून?" मॅडमनी विचारलं.

"बांधावर मुरूम हाय मॅडम. हिरीजवळच्या पट्टीतली हाय ही. थोरल्या आबांची पट्टी. त्यात आमी दोघांनी बारकं असताना भुईमूग काढलाय, मला न्हाई कळायचं?" त्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा चुलतभावाकडे सरळ बघितलं. "दादा, ह्या बिनकामाच्या झाडांस्नी हिरीजवळची माती दिलीस व्हय रं? आरं, ती तर तू सोताच्या उसाला बी जपून वापरतोस."

लालासाहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "मगदूमसाहेबांची झाडं मराय लागली हुती. चांगली द्यायची म्हणून दिली. बांधाचं नंतर सुचलं."

आपल्याच अर्जाचा पाया आपणच काढून घेतला, हे आप्पासोच्या ध्यानात आलं होतं, पण त्याचं त्याला फारसं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. त्यानं पेन मागून अर्जावर 'तक्रार नाही' लिहून दिलं. बांधाचा वाद अर्थातच मागे घेतला नाही. "त्यो कायम हाय," तो म्हणाला. "व्हय, त्यो हायच," लालासाहेबांनी दुजोरा दिला. मॅडमनी मगदूमांचा खुलासा मान्य केला आणि कागदावर तसं लिहिताना वर न बघता म्हणाल्या, "सर, पुढच्या वेळी पोच देऊ नका. माती घेऊ नका." मगदूमांनी मान डोलावली. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

सगळ्या पट्ट्या निघाल्या. नऊ झाडं जगली होती, नुसती जगली नव्हती, त्यांनी बाळसं धरलं होतं. तीन पाम मात्र गेले. अंकितानं नोंदवही आणली. "सर, यांचं नाव कमी करायचं तर पंचनामा लागेल. कारण लिहावं लागेल. आणि दोन पंच, बाहेरचे."

मगदूमांनी पंचनामा स्वतः लिहायला घेतला. कारणाच्या रकान्याशी ते थांबले. 'हवामान' लिहिता आलं असतं. 'नैसर्गिक' सगळ्यात सोपं. त्यांनी लिहिलं: 'पाणी प्रमाणाबाहेर दिल्याने. शिपाई श्रीमती चंद्राबाई यांनी वेळीच सूचना दिली होती, ती शिरस्तेदारांनी ऐकली नाही.' आणि ते चंद्राबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. चंद्राबाई म्हणाल्या, "येवढं कशाला लिवायचं," पण तिथून हलल्या नाहीत.

"पंच कोण?" अंकितानं विचारलं.

पंच म्हटल्यावर बाकावरचे सगळे आपापल्या पिशव्या चाचपू लागले; उरले दोघे भाऊ. मगदूमांनी दोघांपुढे कागद सरकवला. त्याच कार्यालयात या दोघांचे मिळून वीतभर जाडीचे कागद होते, पण दोघांच्या सह्या एकाखाली एक असा एकही कागद त्यात नव्हता.

लालासाहेबांनी पेन उचललं. आप्पासो म्हणाला, "वरती तू का?"

"मी थोरला."

"अर्ज माझा हुता."

मगदूमांनी एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला. पट्टी घेतली आणि कागदाच्या तळाला उभी रेघ मारली. "डावीकडे लालासाहेब, उजवीकडे आप्पासो. वर नाही, खाली नाही."

दोघं रेघेवर वाकले. बराच वेळ निरखून बघितल्यावर लालासाहेब म्हणाले, "साहेब, माझ्याकडं जरा कमी वाटतंय."

"हां," आप्पासो म्हणाला, "मला बी तसंच वाटतंय. माझ्याकडं."

मगदूमांनी कागद सरळ केला, आणि दोघांच्या देखत पट्टी लावून मोजायला सुरुवात केली.